बघण्याचं पाणी

वारूळवाडीच्या काकांच्या घरी पाणी दोन प्रकारचं असे. एक पिण्याचं आणि एक बघण्याचं. बघण्याचं पाणी ते पहाटे उकळत, झाकून ठेवत आणि पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू देत नसत. एकदा मी त्यातलं तांब्याभर पिऊन टाकलं. काकांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, तुमी माझा निम्मा दिवस प्यायला की!"

काकांनी सगळी नोकरी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लेन्स घासण्यात काढली. लेन्स चष्म्याची नव्हे, आवाजाची. करंगळीएवढा नीलमाचा दांडा आणि त्याच्या टोकाला मोहरीहून लहान खळगी. कानाला ऐकू न येणारा आवाज वरून दांड्यात सोडायचा. खळगी तो एका बिंदूवर गोळा करते, पाण्यातून तो वस्तूत शिरतो आणि आतला थर कुठे सुटला असेल, तर त्या फटीवर आपटून परत येतो. परत आलेल्या आवाजाचं चित्र संगणकावर रेघेरेघेनं उमटतं. मध्ये हवेचा बुडबुडा आला की चित्र खोटं, म्हणून ते उकळलेलं पाणी. निवृत्त झाल्यावर मोडीत निघालेलं एक यंत्र जुळवून काकांनी ते माजघरात मांडलं होतं. एक खळगी घासायला त्यांना आठवडा लागे. मनासारखी झाली नाही, तर कुणी बघितलेली नसतानाही ती बाजूला टाकत.

मी मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलून वर आलेला माणूस. सालीवर अंगठा फिरवला की भाव सांगायचो. काका चेष्टा करत. "तुमी वरचं साल बघता, राव. सड असती तिसऱ्या सालीत." लेण्याद्रीला गेलो, तेव्हा मी गणपतीपुढे हात जोडून परत आलो, तरी काका शेजारच्या लेण्यातल्या खांबावर बोटाचं पेर वाजवत उभेच. "ज्यानं हे कोरलं, त्यानं आधी ऐकलं आसंल," म्हणाले.

पुढे मी मंचरला छोटा कारखाना टाकला. सिरॅमिकच्या प्लेटवर तांब्याचा पत्रा चिकटवून एका कंपनीला द्यायचो. माझं सगळं त्या एका गिऱ्हाइकावर होतं. एक दिवस कंपनीनं बाराच्या बारा प्लेटा परत पाठवल्या. आत थर सुटलेत म्हणे! मी तडक प्लेटा घेऊन वारूळवाडी गाठली.

पहिल्याच प्लेटवर पांढरे ठिपके उमटले. माझं डोकं फिरलं. "तुमीबी त्यांच्यातलंच!"

"बसा खाली," काका म्हणाले. पाण्यात बुडवलेल्या प्लेटवरून त्यांनी मऊ ब्रश हलकेच फिरवला, लेन्सच्या खळगीला आधी पाण्याचा थेंब लावला आणि मग ती उतरवली. ठिपके गेले. "ताजं पाणी घेऊन घाईनं बघितलं आसंल त्यांनी. बुडबुडं मोजलं."

एका कोपऱ्यात मात्र डाग राहिला. काकांनी प्लेट अर्धी फिरवून पुन्हा ठेवली. ही त्यांची कायमची रीत. डाग प्लेटीबरोबर फिरला, तर तो प्लेटीचा. जागीच राहिला, तर बघणाऱ्याच्या मांडणीचा. डाग फिरला. संध्याकाळपर्यंत हिशेब लागला. नऊ चांगल्या, तीन खराब, आणि तिन्हींचा डाग त्याच कोपऱ्यात.

"बारा चांगल्या लिहा," मी म्हणालो. "ते बारा खराब म्हणत्यात, आपण बारा चांगल्या म्हणू. मग ठरंल नवावर."

"हे मंचरचं मार्केट न्हाई, भाऊ. हितं सौदा व्हत नाय."

मी नको ते बोललो. काकांनी शांतपणे कागदावर नऊ आणि तीन लिहिले, कोपऱ्याची आकृती काढली आणि म्हणाले, "जरा थांबा, या कोपऱ्याचं..." मी कागद हिसकावून निघालो.

कंपनीतल्या साहेबानं कागद वाचला. आपली तपासणी चुकली, हे तो कबूल करीना. तीन खराब आहेत ना, एवढंच धरून त्यानं काम काढून घेतलं. काकांवरही राग धरून मी दोन वर्षं वारूळवाडीला वळलो नाही.

नवं गिऱ्हाईक मिळालं, तरी अधूनमधून एखादी प्लेट त्याच कोपऱ्यात सुटायची. कामगारांना शिव्या घालून झाल्या. मग एका सकाळी माझा मीच सापडलो. शंका आलेली प्लेट चिकटवण्याआधी मी उचलत होतो, आणि कांद्याच्या सालीवर फिरवावा तसा तिच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत होतो. अंगठ्याचं तेल आणि घाम थराखाली जात होता.

त्याच दिवशी काकांकडे गेलो. हात कापायला लागले होते त्यांचे; लेन्स घासणं बंद होतं. मी उभ्या उभ्या म्हणालो, "काका, अंगठा माझा व्हता."

"ठावं व्हतं मला. डागात रेघा दिसत व्हत्या अंगठ्याच्या."

"मग बोलला का नाय?"

"तेच सांगत व्हतो. तुमी थांबला कुठं?" आणि त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला. "घ्या. आता दोन्ही पाणी प्यायचंच हाय."

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या साहेबावरचा माझा राग काही गेलेला नाही. नऊ प्लेटा चांगल्या होत्या, हे मी आजही भेटेल त्याला सांगतो. फक्त आता तिथं थांबत नाही. तीन खराब होत्या, हेही सांगतो, आणि कुणी कारण विचारलं तर अंगठा दाखवतो.