टाक्याजवळची अकरा मिनिटं

सव्वीस जानेवारीला शाळांत भाषणाला बोलावतात. मुलं हमखास विचारतात, "आजोबा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?" मी उत्तरेतल्या एका पोस्टवरच्या शेलिंगचं सांगतो. ते घडलं होतं आणि तेव्हा भीतीही वाटली होती. पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. त्याचं उत्तर मुळशी तालुक्यातलं आहे, आणि ते घडलं तेव्हा मला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती.

मी फौजेत, सिग्नल्समध्ये अठ्ठावीस वर्षं होतो. ऑपरेटर म्हणून गेलो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. त्याआधी पुण्यात बी.ए. करत होतो. भूगोल घेतलेले आम्ही नऊ जण होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वडील गेले आणि मी भरतीच्या रांगेत उभा राहिलो. पदवी राहिली ती राहिलीच.

त्याच वर्षी सर आम्हाला सहलीला मुळशीतल्या एका डोंगरावर घेऊन गेले होते. अर्ध्या चढावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. सरांनी पट्टी टाकून पाण्याची खोली मोजायला लावली. वारा कुठला, हवा कशी, वेळ काय, सगळं वहीत लिहायला लावलं. पुढच्या जानेवारीत आमच्यातला दिलीप शेडगे बाकीच्यांना घेऊन परत तिथे गेला आणि परत मोजून आला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग ते दरवर्षीचंच झालं. जानेवारीतला दुसरा रविवार. खोली मोजायची, वहीत लिहायची, तिथेच चूल मांडून पिठलं-भाकरी खायची आणि उतरायचं.

दिलीप मुळशीतल्याच भरे गावचा. पिरंगुटला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, सुट्टीला शेती बघायचा. बुटका माणूस, जाड भिंगांचा चष्मा. मी कुठेही असलो तरी फेब्रुवारीत त्याचं पत्र येणार. "खोली चार फूट दोन इंच. हवा स्वच्छ. वारा उत्तरेचा. हजर सात. तुझी रजा मंजूर." मी वर्ग सोडला होता, पण त्याच्या हजेरीतून माझं नाव कधी निघालं नाही. लडाखमध्ये एकदा टपाल सहा आठवडे अडकलं होतं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा माझ्या हातात दोन पत्रं पडली, एक घरचं आणि एक त्या टाक्याचं.

त्या जानेवारीत आम्ही चौघंच जमलो. नऊपैकी दोघं वारले होते, एक मुलीकडे परदेशात होता, दोघांना प्रवास झेपत नव्हता. दिलीप, मी, साताऱ्याहून आलेली मंदा, ती शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि विलास. विलास जांब्याला मुलाकडे राहतो. मुलगा हिंजवडीत आयटीत आहे.

सकाळी सात चाळीसला आम्ही डोंगराखालच्या वाडीत पोचलो. विलासचा गुडघा धरला होता. तो गाडीपाशी थांबला. वर मोबाइलला रेंज नसते, म्हणून मी दरवर्षी दोन वॉकी-टॉकी आणायचो. एक त्याच्या हातात दिला.

विलास म्हणाला, "पिठलं झालं की कळव. मी दिल्लीला कळवतो."

सगळे हसले. हे दरवर्षीचं होतं.

वाडीतलं शेवटचं घर ठकूबाईंचं. भाकऱ्या त्याच करून द्यायच्या. फडकं मंदाच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "औंदा टाक्याच्या वरल्या कड्याला आग्या मव्हाळ लागलंय. एक न्हाई, तीन हायेत. वर चूल नका पेटवू. हितंच खावा."

दिलीप थांबला. "मग वर नुसतं मोजू या. पिठलं इथे येऊन खाऊ."

मी म्हणालो, "वर जाऊन बघू तर खरं."

नऊ वीसला टाक्यापाशी पोचलो. कड्याला तीन पोळी लोंबत होती, दाराच्या फळीएवढी, काळी. मी वारा बघितला. डोंगरावरून खाली दरीकडे जात होता. टाक्यापासून खाली पन्नास पावलांवर एक सपाट जागा आहे. मध्ये तीन फुटांची वाट, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. मी म्हणालो, "चूल खालच्या जागेवर मांडू. धूर दरीत जाईल."

"नक्की?" दिलीपने विचारलं.

"नक्की."

त्याने वहीत लिहिलं, वारा उत्तरेचा. फौजेतल्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही.

दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उन्हाने तापला की वारा खालून वर फिरतो. हे मी जवानांना शिकवलं होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटं. मंदा ताटल्या धुवायला वर टाक्यापाशी गेली होती. दिलीप आणि मी चुलीजवळ घोंगडीवर बसलो होतो. धूर माझ्या डोळ्यांत आला. मी तोंड फिरवलं, आणि तेव्हा कळलं की धूर डोंगराकडे चाललाय. तो वाटेवरून सरपटत कड्याला लागला होता. मी उठून चुलीवर पाण्याचा कॅन उपडा केला. पाण्याने धूर आणखी वाढला.

मग आवाज आला. लांब कुठेतरी जनरेटर सुरू व्हावा तसा. मधलं पोळं काळ्याचं तांबूस झालं आणि हलायला लागलं.

मी ओरडलो, "मंदा, आडवी हो! तोंड खाली! हात हलवू नको!" दिलीपला खाली ओढलं आणि घोंगडी दोघांवर घेतली. सेट तोंडाशी धरला.

"विलास, विलास. आग्या मोहोळ उठलंय. ॲम्ब्युलन्स बोलाव. ओव्हर."

"काय उठलंय?"

"मधमाश्या. ॲम्ब्युलन्स बोलाव. उघड्या अंगाने कुणाला वर पाठवू नको. ओव्हर."

"किती जण... अरे, तुम्ही कसे आहात? अशोक? ओव्हर म्हणू का?"

तेवढ्यात माश्या आमच्यावर आल्या. घोंगडीवर वाळू ओतल्यासारखा आवाज होत होता. जिथे कापड अंगाला टेकलं होतं तिथून नांग्या आत येत होत्या. मानेवर, कानामागे, मनगटावर. मी मोजत होतो. घाबरलो की मी मोजतो, ही जुनी सवय. अठरापर्यंत मोजल्याचं आठवतं.

मंदा किंचाळत होती. आधी आमची नावं घेऊन, मग नुसतीच.

दिलीपने कड उचलून बघितलं. "ती आडवी नाही झाली. उभी आहे. डोळे मिटून चाललीय. अशोक, ती दरीकडे चाललीय."

"उठू नकोस," मी म्हणालो. "उठलास तर मरशील. पडून राहा."

ऑर्डर म्हणून ती बरोबर होती. पुस्तकात तेच आहे. पण मी ती पुस्तकासाठी दिली नव्हती. माझे पाय बधिर झाले होते. शेलिंगमध्ये मी तुटलेली केबल जोडायला बंकरबाहेर गेलो होतो. तेव्हा वय बत्तीस होतं, मागे कमांडिंग ऑफिसर होते, शेजारी जवान बघत होते. इथे मला कुणी बघत नव्हतं.

दिलीप म्हणाला, "घोंगडी एकच आहे."

त्याला ती हवी होती. मंदावर टाकायला. मी तिची कड दोन्ही मुठींत धरली होती. मला ऐकू आलं. मला कळलंही. मुठी उघडल्या नाहीत.

त्याने दोन क्षण वाट बघितली. मग चष्मा काढून माझ्या छातीशी सरकवला आणि घोंगडीखालून बाहेर पडला.

पुढचं मी फटीतून बघितलं. तो ओणवा होऊन, एक हात कातळाला लावून त्या वाटेने गेला. चष्म्याशिवाय त्याला दहा फुटांपलीकडचं दिसत नसे. तो मंदाच्या आवाजाकडे गेला. तिचा पदर धरून तिला खाली पाडलं, अंगातला स्वेटर काढून तिच्या डोक्यावर घातला आणि स्वतः तिच्यावर आडवा झाला. त्याच्या पाठीवर नुसता शर्ट होता. थोड्या वेळाने तो शर्ट दिसेनासा झाला.

दहा एकवीसला आवाज कमी झाला. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, म्हणून मला माहीत आहे.

विलासच्या सांगण्यावरून ठकूबाई आणि वाडीतले दोघं कांबळी पांघरून, ओल्या गवताचा पेटता भारा घेऊन आले. "सायब, हलू नगा. आमी आलोय," त्या म्हणाल्या. माझ्या अंगावरची घोंगडी काढून दोन बांबूंना बांधली आणि दिलीपला तिच्यात घातलं. त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. उतरताना त्याने एकदाच विचारलं, "मंदा?"

"आहे," मी म्हणालो. "मागून चालत येतेय."

"बरं."

ॲम्ब्युलन्स वेळेत आली होती. डॉक्टरांनी जे करायचं ते गाडीतच सुरू केलं. पौडच्या अलीकडे दिलीप गेला. मंदा चार दिवस दवाखान्यात होती. मी दुसऱ्या दिवशी घरी आलो.

तेराव्याला मी भऱ्याला गेलो, पण कुणाशी बोललो नाही. वर्षभर ग्रुपवरही काही लिहिलं नाही. पुढच्या जानेवारीत मंदाचा फोन आला.

"रविवारी सातला वाडीत. मी पट्टी आणतेय."

"मंदा, मला जमणार नाही."

"मलाही जमणार नाही असं वाटतंय. तरी ये. सुलभा येणार आहे."

सुलभा म्हणजे दिलीपची बायको. चाळीस वर्षांत ती कधी आमच्याबरोबर वर आली नव्हती. आता तिला जागा बघायची होती.

चूल नाही, काडेपेटी नाही, अत्तर नाही. कड्यावर पोळी होतीच. त्या तीन फुटांच्या वाटेच्या तोंडाशी माझे पाय थांबले. मंदा पुढे गेली. तिने टाक्यात पट्टी सोडली.

सुलभा माझ्याजवळ थांबली. "ते कुठे होते?"

मी जागा दाखवली.

"आणि तुम्ही?"

मी चुलीची जागा दाखवली आणि उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. वारा मी चुकीचा सांगितला. उठायला मी हवं होतं. त्याने घोंगडी मागितली, मी सोडली नाही. हे तोपर्यंत मी कुणालाही सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या वाटेकडे बघत राहिली.

मग म्हणाली, "घरात पाल निघाली तरी मला हाक मारायचे हो. स्वतः खाटेवर चढून बसायचे."

ती हसली, आणि हसता हसता खाली बसली. मंदा पट्टी तशीच टाकून आली आणि तिच्याशेजारी बसली.

आमच्या युनिटच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापनेच्या दिवशी, लढाईत पडलेल्या जवानांची नावं नंबर आणि रँकसकट वाचतात. वाचून होईपर्यंत सगळे सावधान उभे असतात. दिलीपला नंबर नव्हता आणि रँकही नव्हती. मी सावधान उभा राहिलो आणि मला येतं तसं त्याचं नाव घेतलं.

शेडगे, दिलीप ज्ञानोबा. भूगोलाचा वर्ग. मुक्काम भरे, तालुका मुळशी.