चंद्रभागेची हळद

शहाडजवळ उल्हास नदीच्या काठी राहणारी चंद्रभागा कल्याणला आमच्या घरी मासळी विकायला यायची. नवरा गुणाजी पुरात गेला तेव्हा तिची सरस्वती अंगावर पीत होती. त्या लेकीला तिनं एकटीनं वाढवलं. बावन्न साली सरस्वतीचं लग्न ठरलं आणि चंद्रभागेला एकच हौस होती, पोरीला पहिली हळद आपल्या हातानं लावायची. दीर गोमाजीनं ऐकूनही घेतलं नाही. विधवेच्या हातची हळद? पोरीला भरवायला, न्हाऊ घालायला तेच हात चालले होते की! माझं पित्त खवळलं. चंद्रभागाच मला म्हणाली, "जाऊ दे बाय. पोरीला अपशकुन नको."

तिच्या झोपडीमागच्या पाणथळीत हळदीकुंकू बदकांची एक जोडी असायची. थंडीतली पाहुणी बदकं उन्हाळ्याआधी परत जातात. ही मात्र बारमाही इथलीच. अंगावर खवल्यांसारखी तपकिरी पिसं, पाय शेंदरी. काळ्या चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लाल ठिपके. वस्तीतल्या बायका त्या पाखराला 'सवाशीण' म्हणत. त्याला कुणी मारत नसे.

भाद्रपदात कुणा हौशी शिकाऱ्यानं जोडीतलं एक पाडलं. चिखलात उतरायची त्याची तयारी नव्हती, तो तसाच निघून गेला. ते मेलेलं पाखरू चंद्रभागेला काठाशी सापडलं. दुसरं कुठंच दिसेना. सवाशीण गेली, म्हणून बायका हळहळल्या. "अहेव गेली, भाग्याची," असं म्हणून चंद्रभागेनं खड्डा खणला. पण कुंकू वाहायला शेजारणीला बोलावलं आणि आपण लांब उभी राहिली. मेल्या पाखरालासुद्धा आपला हात नको! तिनं हे सांगितलं तेव्हा मला रडूच आलं.

पितृपक्ष सरता सरता काठचं गवत हललं. दुसरं बदक बाहेर आलं आणि त्याच्या मागोमाग इवली पिल्लं थेट पाण्यात उतरली. इतके दिवस ती मादी गवतात, स्वतःची मऊ पिसं अंथरून, अंडी उबवत बसली होती. म्हणजे मेला होता तो नर. या जातीत नराच्याही चोचीला हळदीकुंकू असतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दादल्यालाच सवाशीण म्हणून पुरलं, म्हणत बायका पोट धरून हसल्या. चंद्रभागा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर टोपली उतरवून ती पदरानं तोंड पुसत टेकली. मग म्हणाली, "बाय, दादला मेला तिचा. पन तिची हलद पुसाला कोन गेला नाय."

तुळशीच्या लग्नानंतर सरस्वतीची हळद होती. मी मुद्दाम गेले. लग्नाची गाणी गाणाऱ्या धवलारणीनं सूर धरला, सवाशिणी पुढे सरकल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली चंद्रभागा उठली आणि तिनं हळदीच्या वाटीत हात घातला. गाणं थांबलं.

"वैनी!" गोमाजी ओरडला. "तुजा दादला मेलाय!"

"दादला मेला," चंद्रभागा म्हणाली. "पोरीची आय जिती हाय."

तिनं हळदीचा हात पुढे केला. सरस्वतीनं तो धरला आणि स्वतःच्या गालावर दाबून ठेवला. गोमाजी तरातरा बाहेर गेला. जरा वेळानं धवलारणीनं गाणं पुन्हा उचललं.

लग्न उरकून चंद्रभागा मासळी घेऊन आली, तेव्हा तिची नखं अजून पिवळी होती.