आसरेची खूण

मला विहिरीची भीती वाटते. नांदेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, तरी वाटते. चाकूरजवळच्या त्या विहिरीच्या काठापासून दोन पावलं मागेच उभी राहिले.

काम साधं होतं. हा विषय मला शिकवणाऱ्या बाई आता लातूरला अंथरुणाला खिळून आहेत. तरुणपणी त्या या भागातल्या विहिरींत उतरून खडक तपासत. थर बदलला की तिथे छिन्नीनं आडवी रेघ आणि खाली आपल्या नावाची दोन अक्षरं. अहवालावर मात्र नाव आलं ते काठावर उभ्या असलेल्या साहेबांचं. आता कॉलेजात त्या पाहणीचा फलक लागणार होता. समिती म्हणाली, पुरावा आणा, नाहीतर साहेबांचंच नाव जाईल. बाकीच्या विहिरी बुजल्या होत्या किंवा सिमेंटनं लिंपल्या होत्या. ही एक उरली होती.

शेताची मालकीण माझ्याच वयाची. खूण आहे म्हणाली, पण आसरेची, पाण्यातल्या देवीची. तिच्या सासूनं एकदा लांबून पाहिलं होतं म्हणे : कुणी अनोळखी बाई निथळत विहिरीतून वर आली आणि बांधावरून निघून गेली. आत दगडावर ताजी खूण. तेव्हापासून दर वर्षी तिथे कुंकू लागतं. यंदा हिचा गुडघा धरलेला, म्हणून राहिलं होतं.

आसरा मी मानत नाही. मला हसू यायला हवं होतं. पण खालचं पाणी काळं होतं.

"कुंकू पुसायचं तर पुसा," ती म्हणाली, "पण उघडं ठिवून वर येऊ नका, माय."

भिंतीतून पुढे आलेले दगड, त्याच पायऱ्या. तिसरा हलला. त्याखालचा खडा पाण्यात पडला, त्याचा आवाज फार उशिरा आला.

"मधीच थांबून काय राहिलात? ती आसरा तर लुगड्यावर उतरली व्हती."

काळ्या खडकात तांबडा थर लागला. त्यावर कुंकवाची जाड खपली. ओढणीनं घासली तशी रेघ उघडी पडली, मग दोन अक्षरं. बाईंचीच. एका हातानं फोटो काढला. दुसरा हात दगड सोडायला तयार नव्हता. बाईंना तर हातोडा आणि छिन्नी, दोन्ही हात लागले असतील. भीती वाटायची का, असं मी त्यांना विचारलं होतं. वाटायची, म्हणाल्या, पण वर साहेब उभे असायचे, त्यांना दिसू द्यायची नाही.

वरून दोरीला बांधलेला करंडा आला. तो धरायला एक हात, लावायला दुसरा. मी डोळे मिटून खांदा भिंतीला टेकवला आणि दगड सोडला. फक्त रेघेवर कुंकू लावलं, अक्षरं मोकळी ठेवली.

"लावलं का?"

"लावलं," मी म्हणाले. मग वर पाहिलं. तो हलणारा दगड अजून चढायचा होता.