नाकावरची नोंदणी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की नांदुऱ्याच्या बाजारात, भरदिवसा, गिऱ्हाइकासमोर माझं नाक फोडण्यात आलं, आणि ते फोडण्यालायकच होतं.

मी लग्नपत्रिका छापणारा माणूस. एका कापूस खरेदी केंद्राची वेबसाइट करायचं काम आलं, तेव्हा मी तीही पत्रिकेसारखीच सजवली. छपाईची आमची जुनी अक्षरं इंटरनेटवर टाकली की त्यांचा चिवडा होतो. म्हणून मजकूर दुकानात जुळवला आणि त्याची चित्रंच करून चिकटवली. सूचना चित्र, रकान्यांची नावं चित्र, ‘नोंदणी करा’ हेही चित्र. भोवती वेलबुट्टी. केंद्रवाले खूश.

कापूस विकायच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी एक आंधळे शेतकरी दुकानात आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा मोबाइल.

“वेबसाइट तुम्हीच बनवली काय भाऊ?”

“हाव,” मी छाती फुगवून म्हणालो.

आवाजावरून त्यांनी नेम धरला. पहिला फटका नाकावर, दुसरा काउंटरच्या काचेवर. मी त्यांची मान धरली, ते माझ्या दंडाला कडकडून चावले. पत्रिकांच्या गठ्ठ्यावर आम्ही लोळलो आणि कोणाच्या तरी ‘शुभविवाहा’वर माझं रक्त सांडलं. मुलीची पत्रिका निवडायला आलेल्या गिऱ्हाइकानं पाय बाकावर घेतले आणि नमुने चाळणं चालू ठेवलं.

“जीव घेता काय माहा?” मी खालून विचारलं.

“मागच्या साली पुतण्याले अर्ज भराले लावलं, तं त्यानं माहा कापूस आपल्याच नावावर लिहिला,” ते माझ्या छातीवर बसून म्हणाले. “औंदा म्हणलं, मीच भरतो. चार दिवसांपासून हा मोबाइल नुसता ‘चित्र, चित्र’ करून राह्यला, चित्रातलं त्याले वाचता येत नाही. आज पाच वाजता नोंदणी बंद होते भाऊ.”

मग माझ्याच दुपट्ट्यानं त्यांनी माझे डोळे आवळून बांधले आणि मोबाइल हातात कोंबला. “आता भरा तुम्ही.”

‘चित्र. चित्र. रकाना. रकाना. चित्र.’

कुठं नाव लिहायचं, कुठं गाव, काही कळेना. दहा मिनिटं चाचपडून मी जमिनीवर मूठ आपटली. “कोण्या गध्यानं बनवली बे हे? हात तोडा त्याचे.”

काठी उचलल्याचा आवाज आला.

“थांबा,” मी म्हणालो, “टाइप कराले हात लागतील.”

डोळ्यांवरचा दुपट्टा सोडून, नाकात कापूस खुपसून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. एकेक चित्र उपटलं, प्रत्येक शब्द नव्यानं टाइप केला, प्रत्येक रकान्याला नाव दिलं. ते शेजारी बसून मोबाइल कानाला लावत. “हे बोललं. हे नाही बोललं,” आणि न बोललेल्या प्रत्येक रकान्यामागं माझ्या गुडघ्यावर एक फटका. गुडघे आठवडाभर निळे होते.

साडेचारला त्यांनी अर्ज भरला. स्वतः, एकट्यानं. मोबाइलनं त्यांचं नाव खणखणीत वाचलं, मग म्हणाला, ‘नोंदणी झाली.’ त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. चेहरा असा फुलला की मी माझं नाक विसरलो. मग काठी चाचपत ते उठले, दारापर्यंत गेले, थबकले, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“बाकीच्या वेबसाइटा ज्यायनं बनवल्या, त्यायचे पत्ते हायेत काय भाऊ तुमच्यापाशी?”