दुसऱ्या उद्गाराला आत येणारे रत्नाकरकाका

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जबलपूरच्या आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतली सात माणसं एकामागून एक बोलतात. पहिला उद्गार सुरू झाला, की रत्नाकरकाका उठत, चपला घालत आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहत. दुसरा सुरू होण्याआधी परत येऊन आपल्या जागी बसत. मुलं म्हणायची, बिडी ओढायला जातात. आई म्हणायची, पोटाचं काहीतरी असेल. मी खिडकीजवळ बसत असे, त्यामुळे मला दिसायचं. ते बिडी ओढत नसत, कुठे जातही नसत. चर्चकडे पाठ करून नुसते उभे असत.

काका आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणीस होते. तोफगोळ्याच्या टोकाला बसणाऱ्या पितळी भागाला ते दोन तोंडांचं पोलादी माप, म्हणजे गेज, लावून बघत. एक तोंड भागात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. दोन्ही बरोबर असलं, तर आपल्या नंबरचा ठप्पा मारायचा. प्रत्येक तपासणिसाचा नंबर वेगळा. पुढे काही बिघडलं तर कोणी पास केलं ते कळावं म्हणून.

ही सवय त्यांनी घरीही आणली होती. सिहोऱ्याहून येणाऱ्या भाजीवाल्याची वांगी ते एकेक दाबून बघत. तो वैतागून म्हणायचा, "दादा, सब्जी है, बम नहीं है।" काकू पदराआड हसत. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "नजरेनं नाही सांगायचं. लावून पाहायचं."

माझं मराठी वाचन त्यांच्यामुळे झालं. मी कॉन्व्हेंटमध्ये, घरी अर्धं हिंदी. बाबांनी मला रविवारी दुपारी त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. मी एक पान लिहून न्यायची, ते बोट ठेवून वाचायचे आणि एकच शब्द बोलायचे. "चालते." किंवा "वापस." त्या "वापस"चा मला फार राग यायचा. का, ते ते कधी सांगत नसत. पुन्हा वाचायला लावत.

बांगलादेशच्या लढाईनंतर पाच वर्षांनी चर्चच्या पाळकसाहेबांनी पहिला उद्गार मला दिला. मारणाऱ्यांना क्षमा कर, ते काय करतात हे त्यांना कळत नाही, असं ख्रिस्त बापाला म्हणतो तो. चार माणसांसमोर बोलायचं मी टाळत असे, पण नाही म्हणण्याइतकंही धैर्य नव्हतं. मी शाळेतल्या पुस्तिका समोर ठेवून पाच पानं लिहिली. अहंकार, मत्सर, आळस, सगळी पापं ओळीने आली होती. काकांकडे नेली. त्यांनी पाचही पानं वाचली.

"वापस," ते म्हणाले. "हे सगळं नजरेनं पाह्यलेलं आहे. तू काय केलं ते यात कुठं आहे?"

सांगण्यासारखं एक होतं. मी सांगितलं नाही. इथेही सांगत नाही. मी जरा तिखटपणे विचारलं, तुम्ही तर हा उद्गार कधी ऐकतही नाही, मग तुम्हाला काय ठाऊक त्यात काय हवं? मोठ्यांशी मी असं कधी बोलत नसे. काकूंनी स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं. काका रागावले नाहीत. त्यांनी दार लोटलं आणि ते सांगायला लागले.

लढाईच्या त्या डिसेंबरात कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. खिडक्यांना काळे कागद. एका संध्याकाळी वॅगन सुटायची होती आणि एक पेटी तपासायची राहिली होती. साहेब दारात उभे राहून घाई करत होते. काकांनी वरचा थर गेज लावून पाहिला. खालच्या दोन थरांना गेज लावलाच नाही. नुसते ठप्पे मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे जाऊन त्यांनी हे सांगितलं, तोवर वॅगन निघून गेली होती. लढाई संपल्यावर पुन्हा सांगितलं, तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "जंग जीत गए भैया, अब काहे को खोद रहे हो?" पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, तुम्ही देशाची सेवा केली, मनाला लावून घेऊ नका. त्या पेटीतले भाग कुठल्या तोफेला गेले, कोणाच्या हातात फुटले की नीट चालले, हे कधीच कळलं नाही. कळणारही नव्हतं. तेव्हापासून काका प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेत नव्हते.

मी ऐकलं, आणि सगळ्यांनी जे केलं तेच केलं. म्हटलं, "पण काका, तुमचा काय इलाज होता?"

ते उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"तूही तेच म्हणून राहिली? पाप झालंच नाही म्हणतात सगळे. मंग तो क्रुसावर काहून टांगला गेला?"

मी पानं उचलून घरी आले. चिडले होते. या माणसाला समजूत नको, सांत्वन नको, मग हवं तरी काय? देव क्षमा करायला तयार, पाळक तयार, साहेब तयार, आणि हेच अडून बसलेले. दोन दिवस मी त्यांच्या दारावरून जाताना मान वळवली नाही. पण ती पाच पानंही मला पुन्हा वाचवेनात. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मी काकांवर चिडले नव्हते. त्यांनी खरं ते समोर ठेवलं होतं आणि मी न बघताच पास केलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी ते अंगणात तुरीच्या काड्यांचं कुंपण बांधत होते. मी फाटकाशी उभी राहिले.

"काका, ते पाप होतं. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ठप्पा मारला."

त्यांनी सुतळीची गाठ पुरी केली. मग म्हणाले, "हं." पुढची काडी उचलत, "चालते."

मला वाटलं, उद्या ते बसतील. शुक्रवारी मी व्यासपीठावर गेले, कागद उघडला, पहिलं वाक्य वाचलं, आणि काका उठले. चपला घालून सरळ बाहेर. माझी ओळ चुकली, नंतरची दोन वाक्यं मी कशी वाचली आठवत नाही. इतकं करून ते बाहेरच जाणार असतील, तर मी बोलले तरी कशाला?

तीन वाजता उपासना सुटल्यावर मी त्यांना त्याच कडुनिंबाखाली गाठलं. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "तो उद्गार ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी आहे, बाई. मला कळत होतं. उगाच दुसऱ्याचं काहून घेऊ? माहा दुसरा आहे."

दुसरा उद्गार शेजारच्या क्रुसावरच्या चोराला आहे. आपल्याला मिळाली ती शिक्षा बरोबर आहे, असं म्हणणाऱ्या चोराला. ख्रिस्त त्याला म्हणतो, आज तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील.

"त्याला कोणी म्हटलं नाही, तुझा इलाज नव्हता म्हणून," काका म्हणाले. "म्हणून त्याचं काम झालं."

ईस्टरच्या सकाळी सगळ्यांच्या शेवटी ते वेदीपाशी आले. इस्त्रीचा शर्ट, ओंजळ पुढे. पाळकसाहेब क्षणभर थांबले, मग त्यांनी भाकर दिली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि नागपूरला मुलाकडे गेले. आम्ही त्यांना बसवर सोडायला गेलो होतो. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला की जबलपूर सुटलं, असं ते म्हणत. त्याच पावसाळ्यात ते वारल्याचं काकूंचं पत्र आलं. मला ते एकदा वाचून पुरलं नाही. पुन्हा वाचलं.

आता उत्तम शुक्रवारी पहिला उद्गार सुरू झाला की मी उठते. आईला वाटतं, उन्हाने डोकं दुखत असेल. कडुनिंबाखाली मी चर्चकडे पाठ करून उभी राहते. आतून दुसऱ्या उद्गाराचं वाचन ऐकू येतं. काका याआधीच आत गेलेले असत. माझं सांगण्यासारखं ते एक मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ते वाचन संपतं, तरी मी बाहेरच असते.