कोटाची मोठी बटणं

माईंनी तीस वर्षं शिंप्याच्या दुकानात काज-बटणाचं काम केलं. त्यांच्या काजाचा टाका शोधायला भिंग लागावं, इतका हात बारीक. नवरा आणि दीर दोघेही गेल्यावर माई आणि धाकटी जाऊ एकत्रच राहत होत्या. दोघींचं उठता-बसता बिनसायचं आणि चहा होईपर्यंत जुळायचंही.

एका दुपारी दुकानात माईंच्या हातातली सुई गळाली. उचलायला गेल्या, तर उजवा हात हलेचना. पक्षाघाताचा झटका होता. पंधरा दिवसांनी त्या दवाखान्यातून घरी आल्या. पाय सावरले होते, पण हात खांद्यापासून ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता; बोटं तेवढी जेमतेम हलायची. बोलणं मात्र शाबूत.

"नेमकं नको ते शाबूत राहिलं," धाकटी म्हणाली. माई हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या.

त्या दिवसापासून धाकटीने सगळं अंगावर घेतलं. घास भरवायचा, केस विंचरायचे, बाहीत हात घालायचा. व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मुलीने हे आठवडाभर पाहिलं. मग तिने माईंच्या चांगल्या डाव्या हातावर जाडजूड हातमोजा चढवला.

"रोज तीन तास हा हात बंद. जे करायचं ते उजव्याने." आणि धाकटीकडे वळून म्हणाली, "तुम्ही मध्ये पडायचं नाही. अगदीच राहवलं नाही, तर स्वतःच्या हातांवर बसा."

धाकटी खरंच बसली. माई टेबलावर फडकं पुढे-मागे सरकवायच्या, वाटीतले दाणे उचलायला धडपडायच्या. चमचा तोंडापर्यंत येईतो अर्धा भात मांडीवर.

"जरा धर ना गं," माई एकदा चिडून म्हणाल्या.

"मला मनाई आहे, माई." धाकटीने मान खिडकीकडे वळवली. तिचा आवाज कापत होता, हे माईंना कळलं. त्यांनी चमचा पुन्हा भरला.

दुसऱ्या महिन्यात अंगठा नीट वळू लागला. चौथ्यात त्यांनी स्वतःचा कंगवा धरला. भांग वाकडा पडला, तरी धाकटीला हात लावू दिला नाही.

सातव्या महिन्यात मास्तर, म्हणजे दुकानाचे मालक, दोन कोट घेऊन आले. "काजाचं राहू द्या. पण कोटाला मोठी बटणं लागतात."

"सुईत दोरा मी ओवू?" धाकटीने भीत भीत विचारलं.

"ओव. त्याला मनाई नाही."

पहिल्या बटणाला पाऊण तास लागला. कपाळाला घाम आला, बोटं दोनदा अडली. दोन कोटांना चार दिवस गेले. मास्तरांनी बटण ओढून पाहिलं आणि आणखी चार कोट पुढे ठेवले.

"चार नकोत, दोनच," धाकटी म्हणाली.

"माझ्या हाताचं तू कोण ठरवणार?" माईंनी विचारलं. पण ठेवून घेतले दोनच.