आधी मंडळी, मग खोली

एसटी सुटायच्या आधी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, खिडकीतून हात आत घातला, माझं डोकं खाली दाबलं आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. सगळी गाडी बघत होती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, तरी आमेन काही येईना. शेवटी डोळे उघडून म्हणाले, "दावीद, तिथं गेल्यावर आधी मंडळी शोध, मग खोली."

मंडळी म्हणजे आमच्या ख्रिस्ती बोलीत उपासनेला जमणारी माणसं. चर्च ही इमारत, मंडळी म्हणजे माणसं. बाकीचा महाराष्ट्र बायकोला मंडळी म्हणतो, तो भाग वेगळा. मी कोपरखैरण्यात आलो आणि आधी खोली शोधली. खोटं कशाला बोलू?

नेवाशाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच गाव सोडून इकडं आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. रागानं लिहितोय, आधीच सांगतो.

मी कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या लावायचं काम करतो. तिथं नाव सांगितलं की पहिला प्रश्न, "तू ख्रिश्चन? मग मराठी एवढी साफ कशी?" सोसायटीतला एक जण तर हसत म्हणाला, तुमचा धर्म इंग्रजांचा. अरे, येशू काय लंडनला जन्मला होता? माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. तिला स्तोत्रं तोंडपाठ होती, खुरपताना म्हणायची. ती काय मडमेची मुलगी होती?

पण विलायती म्हणजे काय ते मला खरं कळलं इथल्या चर्चमध्येच. एका कॉम्प्लेक्समधला एसी हॉल, निळे लाइट, स्क्रीनवर गाणी. गावात चर्चच्या दारात "सलाम", म्हणजे आमचा नमस्कार, म्हणत हात धरून आत नेत. इथं गळ्यात कार्ड अडकवलेली मुलगी "वेलकम" म्हणायची आणि पुढच्याकडं बघायची. आमचे लीडर ब्रदर परदेशात शिकून आलेले. त्यांचा आवडता शब्द 'पर्सनल'. पर्सनल सेव्हिअर, पर्सनल ग्रोथ, पर्सनल स्पेस. देव आणि मी, मध्ये कुणी नको. मला तेव्हा ते फार भारी वाटायचं. गावची ती घोंगडीवरची भजनं, तबला, कुणाच्याही घरात कुणीही घुसणं मागासलेलं वाटायला लागलं. लाज वाटते आता लिहिताना.

लग्नानंतर एकदा आप्पांचा फोन आला. "मंडळी कशी आहे?"

मी म्हणालो, "बरी आहे. भांडी घासतेय."

आप्पा म्हणाले, "सगळी मंडळी भांडी घासतेय?"

मी आणि मार्था, माझी बायको, पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. मी त्यांचा शब्दच विसरलो होतो, हे त्यांना तिकडं कळलं. मला कळायला पाच वर्षं लागली.

आई गेल्यावर आप्पांना घेऊन आलो. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर ते उभे राहिले आणि विचारलं, "आजारी कोण आहे? सांगा, घरी जाऊ." हॉलमध्ये लोक खाली बघायला लागले. तरी त्यांनी पत्ते मिळवले. रोज संध्याकाळी बायबल काखेत मारून निघायचे. बेल वाजवायचे, आजाऱ्याजवळ बसायचे, प्रार्थना करायचे, चहा मागून प्यायचे. महिन्याभरात तक्रारी सुरू.

ब्रदरनी मला आणि मार्थाला बोलावलं. "अंकलचं मन चांगलं आहे, पण न कळवता येतात. प्रायव्हसीचा इश्यू होतो. तुम्ही पण बाउंडरी ठेवायला शिका. पहिली प्रायॉरिटी तुमचं मॅरेज." वर शास्त्राचाच दाखला दिला, पुरुष आईबापांना सोडून बायकोशी जडून राहतो. वा रे वा! आईबापाचा मान राखायची आज्ञा त्याच पुस्तकात आहे, ती कुठं गेली? आजाऱ्याला भेटायला जाणं येशूनं स्वतःलाच भेटणं मानलं, ते कुठं गेलं? हे सगळं मला तिथंच आठवत होतं. आणि मी काय केलं? नंदीबैलासारखी मान डोलावली. मार्थानं तरी डोलावली नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, तुम्हाला इथली हवा मानवत नाही. त्यांना साधा खोकलाही नव्हता. "बरं," म्हणाले आणि पिशवी भरली.

गेल्या वर्षी माझं पाठीचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे अंथरुणावर होतो. चर्चच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. दाराची बेल एकदाही वाजली नाही. माझी बाउंडरी सगळ्यांनी अगदी नीट सांभाळली! त्या पलंगावर पडून मी आप्पांच्या बेलची वाट बघत होतो, मेल्याहून मेल्यासारखा.

चालता येऊ लागल्यावर पहिल्यांदा गावी गेलो, एकटाच. मार्थाला सुट्टी मिळाली नाही. आप्पांच्या दारात चपलांचा ढीग. मंडळीनं त्यांच्या डब्याची पाळी लावलेली, त्या दिवशी शांतामावशींची होती. भाकरीचं फडकं सोडता सोडता त्यांनी विचारलं, "मंडळी नाही आली का रे?"

बायकोचं विचारलं की चर्चच्या माणसांचं, कळलं नाही. दोन्हींचं उत्तर एकच होतं. "नाही," म्हणालो.

जेवण झाल्यावर मी आप्पांचे पाय धरले. "चुकलो. चला माझ्याबरोबर. आता कुणी काही बोललं तर मी बघतो."

त्यांनी डोक्यावर हात ठेवला. राग नव्हता, तेच सहन होईना.

"आता माझी मंडळी सोडून कुठं येऊ, बाबा?"

निघताना त्यांनी एसटीच्या खिडकीतून पुन्हा डोकं दाबून प्रार्थना केली. गावातल्या एकेकाचं नाव घेतलं, लांबलचक. घर कुठं विचारलं की मी आजही सेक्टर नंबर सांगतो. खोली तिथं आहे. पण त्या दिवशी कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आवाज मागं राहिला, आणि त्या नावांत शेवटी माझं आलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही.